मे महिन्यात नॉर्वे : सहा रात्रींत काय बघावं, काय सोडावं?

मुग्धा_वाई

नमस्कार मंडळी,

आम्ही नेदरलँड्समध्ये एइंडहोवनला राहतो. आई-बाबा एप्रिलमध्ये वाईहून इकडे येतायत. २०२६ साली असेन्शन या ख्रिस्ती सणाची सुट्टी गुरुवारी, १४ मे रोजी आहे. शुक्रवार जोडून आणि पुढच्या सोमवार-मंगळवारची रजा टाकून १३ मेच्या संध्याकाळी निघायचं नि १९ला परतायचं असं डोक्यात आहे. म्हणजे हातात सहा रात्री. माणसं पाच : आम्ही दोघं, आई-बाबा आणि चार वर्षांचा मुलगा.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. बोगदे, पूल, रेल्वे दिसली की त्यांचा पाय निघत नाही. आईचा जीव झाडाफुलांत. तिचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर आरामात चालते, पण चढ-उतार नको. नवऱ्याला गाडी चालवायची हौस. मला एकच हवंय, फ्योर्डच्या, म्हणजे उभ्या कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, पाण्यावरून बोटीतून जायचंय.

आत्तापर्यंतची यादी : बर्गन, फ्लोम, गायरांगर, त्रोलस्तीगेनचा घाट, स्टव्हांगरचा प्राइकेस्तोलेन कडा आणि ऑस्लो. यातलं किती बसेल? गाडी घ्यावी की रेल्वे? आणि १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस मध्येच येतोय. तेव्हा सगळं बंद असतं म्हणतात. मग त्याऐवजी एप्रिलअखेरीच्या सुट्टीत जावं का?

चहाबाज

त्रोलस्तीगेन आत्ताच खोडा. तो घाट हिवाळाभर बर्फामुळे बंद असतो आणि उघडायला साधारण मेअखेर ते जूनमध्य होतो. तो नाही म्हटल्यावर गायरांगरला जाण्यातली अर्धी मजा गेली. सहा रात्रींत तेवढं लांब जाऊही नका.

बर्गनकर

मुग्धाताई, धागा काढलात ते बरं केलंत. इकडे राहत असल्यामुळे आमच्याकडे दर वर्षी पाहुणे येतात आणि दर वर्षी हीच यादी घेऊन येतात.

आधी एप्रिल की मे? डोळे मिटून मे घ्या. एप्रिलअखेर डोंगरावर भरपूर बर्फ, खाली झाडं अजून उघडी, बऱ्याच बोटी आणि बस उन्हाळी वेळापत्रकावर आलेल्या नसतात. मेच्या मध्यावर वरचं बर्फ वितळायला लागतं आणि सगळे धबधबे एकदम जागे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना त्यातले कित्येक बारीक झालेले दिसतात. शिवाय उजेड. १५ मेच्या सुमारास बर्गनला सूर्य रात्री सव्वादहाच्या आसपास मावळतो. दिवसाला घाई नसते. मुलाला झोपवायची तेवढी पंचाईत होईल, खोलीला जाड पडदे आहेत का ते विचारून घ्या.

पावसाचं म्हणाल तर बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, त्यामानाने मे महिना कोरड्यातला. तरी प्रत्येकाला टोपीवालं जलरोधक जाकीट हवंच. छत्री आणू नका, वारा ती उलटी करून हातात देतो. हवामानासाठी इथे सगळे 'यर' हे ॲप बघतात, तासातासाचा अंदाज देतं.

बर्गनमध्ये दोन रात्री पुरेत. विमानतळावरून ट्राम थेट गावात येते, टॅक्सीची गरज नाही. ब्रिग्गेन म्हणजे बंदरावरची हान्सा या जुन्या जर्मन व्यापारी संघाच्या लोकांची लाकडी घरं, १९७९पासून जागतिक वारशाच्या यादीत. रस्त्यावरून रंगीत दर्शनी भिंतींचे फोटो काढून बहुतेक लोक पुढे जातात. तसं करू नका. दोन घरांमधल्या बोळात शिरा. पायाखाली लाकडी फळ्या, डोक्यावर माल ओढून घ्यायच्या जुन्या कप्प्या, दोन्हीकडच्या भिंती एकमेकींकडे कललेल्या आणि डांबराचा हलका वास. १७०२च्या आगीत हे सगळं जळलं आणि पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधलं. आगीच्या धास्तीने घरांत चूल पेटवायलाच बंदी होती. स्वयंपाक आणि शेकोटी मागच्या बाजूच्या वेगळ्या इमारतींत. बाबांना हे आवडेल.

फ्लॉयेनच्या डोंगरावर जाणारी रज्जू-रेल्वे १९१८ची आहे, ३२० मीटर उंचीवर नेते. आईंना एकही पायरी चढायला नको. वर मुलांना खेळायला जागा आहे. बंदरात मोठी क्रूझ लागली असेल तर सकाळी लांबलचक रांग असते. संध्याकाळी जेवून आठ वाजता जा, गर्दी ओसरलेली असते आणि ऊन तिरपं होऊन सगळी बेटं दिसतात.

घाटवाट

बर्गनकरांशी मे महिन्याबद्दल सहमत. पण गाडी घ्याच असं सांगेन. नॉर्वेचं सौंदर्य रस्त्यावर आहे. वाटेल तिथे थांबा, चहा करा, मुलाला पळू द्या. बाबांसाठी लेर्डाल बोगदा आहे की! २४.५ किलोमीटर, सन २००० पासून वाहतुकीला खुला, रस्त्यावरचा जगातला सर्वांत लांब बोगदा. चालवणाऱ्याला गुंगी येऊ नये म्हणून मध्ये तीन ठिकाणी मोठ्या गुहा खोदून निळा उजेड सोडलाय. आत शिरताना आपण डोंगराच्या पोटात आहोत हे विसरायला होतं. आणि हार्डांगरचा झुलता पूल, २०१३चा, मधला गाळा १३१० मीटर. त्याच्या दोन्ही टोकांना बोगदे आहेत आणि बोगद्याच्या आतच वर्तुळाकार चौक! डोंगरातून बाहेर पडलं की थेट पुलावर. इंजिनियर माणसाला हे दाखवायचं नाही तर काय दाखवायचं?

रेल्वेवेडा

घाटवाट, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण या मंडळींसाठी नाही. ते बर्गनला उतरून ऑस्लोहून परतणार असतील तर गाडी एका गावात घेऊन दुसऱ्यात सोडायचे पैसे वेगळे. टोल, पार्किंग, फेरी वेगळं. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ८०, घाटात त्याहून कमी, आणि दंड असा की पुढची सहल रद्द करावी लागेल. शिवाय जो चालवतो तो काही बघत नाही.

आता रेल्वेचं सांगतो. बर्गन ते ऑस्लो ही लाइन १९०९ साली सुरू झाली. साडेसहा-सात तासांचा प्रवास. हार्डांगरच्या पठारावरून जाते, सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून १२३७ मीटर. फिन्से स्टेशनला (१२२२ मीटर) रेल्वेशिवाय यायला रस्ताच नाही. मेच्या मध्यावर खाली वॉस गावाला हिरवंगार असतं आणि तासा-दीड तासात फिन्सेला पोहोचावं तर तळं गोठलेलं आणि फलाटाबाहेर बर्फ. एका खिडकीतून दोन ऋतू. शॅकल्टनने अंटार्क्टिकाच्या मोहिमेआधी १९१४ साली आपल्या मोटर-घसरगाड्यांची चाचणी इथेच घेतली होती. ऑस्लोकडे जाताना उजवीकडे बसा, म्हणजे फिन्सेच्या पलीकडची हिमनदी तुमच्या बाजूला येईल. उलट दिशेने येणाऱ्यांनी डावीकडे.

आणि म्युर्दाल ते फ्लोम ही शाखा! २०.२ किलोमीटर, २० बोगदे, ८६६ मीटरवरून थेट फ्योर्डच्या पाण्यापाशी. बाबांना एक आकडा सांगा. आपल्या बोरघाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. फ्लोमच्या लाइनवर १८ला १! दोन्ही टोकांना इंजिन लावून गाडी चालते. २० पैकी १८ बोगदे हाताने खोदलेत, एक मीटर पुढे सरकायला एकेक महिना लागत असे. काम १९२४ला सुरू झालं, पहिली गाडी १९४०ला धावली. एका ठिकाणी बोगदा डोंगराच्या आतच पूर्ण वळण घेतो, कारण बाहेर वळायला जागा नाही. शोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबते, लाकडी फलाटावर उतरायचं. मे महिन्यात तिथे तुषारांनी भिजायला होतं, कॅमेरा जाकिटाच्या आत ठेवा.

घाटवाट

१८ला १? मग मी माघार घेतो. बाबांना रेल्वेनेच न्या. लेर्डालचा बोगदा पुढच्या वेळी.

सायली_कु

छान माहिती, वाचनखूण साठवली. एक विचारू का? मेमध्ये नॉर्दर्न लाइट्स दिसतील का? ऑस्लोऐवजी दोन दिवस उत्तरेला त्रोम्सोला जाऊन आलं तर?

उत्तरायण

सायली, नाही दिसणार. आकाशात दिवे असले तरी ते दिसायला अंधार लागतो आणि त्रोम्सोला मेच्या मध्यावर रात्रच होत नाही. २० मेच्या सुमारास तिथे मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो, तो २२ जुलैच्या आसपासपर्यंत. म्हणजे १५ मेला गेलात तर ना नॉर्दर्न लाइट्स, ना पुरता मध्यरात्रीचा सूर्य. तिथल्या रस्त्यांवर चिखलमिश्रित बर्फ असतं ते वेगळंच. उत्तरेला जायचं तर फेब्रुवारी-मार्च किंवा जून-जुलै, आणि तेही स्वतंत्र सहल म्हणून.

स्टव्हांगरकर

प्राइकेस्तोलेनबद्दल मी सांगतो. इथे तेल आणि वायूच्या कंपन्यांमध्ये बरेच मराठी लोक आहेत, प्रत्येकाच्या घरी आलेला पाहुणा पहिल्या दिवशी हेच विचारतो. कडा लिसेफ्योर्डच्या पाण्यापासून ६०४ मीटर उंच, वरून सपाट. पण जाऊन-येऊन आठ किलोमीटर, मोठमोठ्या दगडी पायऱ्या. मेमध्ये वाट बहुतेक मोकळी असते, सावलीच्या टप्प्यात बर्फ राहू शकतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नको, चार वर्षांच्या मुलाला घेऊनही नको. कठडा नाही. स्टव्हांगरहून लिसेफ्योर्डमध्ये बोट जाते, ती कड्याच्या बरोबर खालून नेते, पण त्यासाठी तुमचे दोन दिवस खर्ची पडतील. या वेळी सोडा.

आणि तरुण मंडळी वाचत असतील तर त्रोलतुंगा या कड्याचा विचार मेमध्ये वाटाड्याशिवाय अजिबात करू नका. जाऊन-येऊन २७ किलोमीटर, वर तेव्हा हिवाळाच असतो.

मुग्धा_वाई

सगळ्यांचे खूप आभार! गायरांगर, त्रोलस्तीगेन, प्राइकेस्तोलेन, तिन्ही खोडले. नवऱ्याला १८ला १ वाचून दाखवलं, तोही रेल्वेला तयार झाला.

आता १७ मेचं सांगा ना कुणीतरी. त्या दिवशी कुठे असावं?

ऑस्लोची_मावशी

ऑस्लोत! दुसरं ठिकाण नाही.

१८१४ साली आइड्सव्होल गावी नॉर्वेची राज्यघटना मंजूर झाली, त्याचा हा दिवस. इतर देशांत राष्ट्रीय दिनी रणगाडे आणि सैनिक निघतात. इथे शाळेतली मुलं निघतात. शाळेमागून शाळा, प्रत्येकीचा झेंडा आणि बँड, कार्ल योहान रस्त्यावरून चालत राजवाड्यापुढे जातात आणि राजघराणं सज्जात उभं राहून तासन् तास हात हलवत असतं. बायका-पुरुष बूनाद घालतात, म्हणजे आपापल्या प्रांताचा पारंपरिक पोशाख. भरतकाम आणि चांदीची बटणं-पिनांवरून जाणकार माणूस समोरची बाई कुठल्या खोऱ्यातली ते ओळखतो. आमच्या शेजारच्या आजींनी नातीसाठी भरलेला बूनाद मी जवळून पाहिलाय. लोकरीच्या कापडावर एकेक पाकळी तीन-तीन छटांत भरलेली, उलटी बाजूही सुलटीइतकीच साफ. तो घडी घालून कपाटात जातो तो पुढच्या मेमध्येच बाहेर येतो. तुमच्या आईंना पैठणी नेसायला सांगा! मी नेसते, रस्त्यावर अनोळखी बायका थांबवून कौतुक करतात. त्या दिवशी इथे चांगले कपडे घालून बाहेर पडणं हाच उत्सवाचा मान आहे.

दुकानं बंद असतात हे खरं. रेस्टॉरंटं उघडी असतात पण आधी टेबल राखावं लागतं. आदल्या दिवशी, १६ला शनिवारी, दूध-ब्रेड-फळं घेऊन ठेवा.

बर्गनकर

मावशी, मिरवणूक सुंदरच असते, पण ऑस्लोची गर्दी चार वर्षांच्या मुलाला आणि गुडघेदुखीला झेपेल का? कार्ल योहानवर उभं राहायलाही जागा मिळत नाही. बर्गनची मिरवणूक बघा. इथे ब्युएकोर्प्स म्हणून वस्ती-वस्तीतल्या मुलांची पथकं असतात, लाकडी बंदुका आणि ढोल घेऊन. मार्चपासून संध्याकाळी सराव सुरू होतो, ढोल ऐकू आले की बर्गनला वसंत आला. १७ला ती सगळी रस्त्यावर असतात.

निवांत

मी दोघांच्याही विरोधात मत देतो. १७ मे खेड्यात बघा. प्रत्येक गावात मिरवणूक निघते. आम्ही ऑउरलांडजवळच्या एका वस्तीत पाहिली. पन्नासेक मुलं, एक बँड, त्यात तुतारी वाजवणारा माणूस आदल्या दिवशी आम्हाला दुकानात पाव विकणारा होता. मिरवणूक संपली की सगळे शाळेच्या अंगणात. पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या शर्यती, गरम सॉसेज, हवं तेवढं आइस्क्रीम. परक्या लोकांनाही बोलावून खुर्च्या दिल्या. कुठे उभं राहायचं याची चिंता नाही, आणि पाठीमागे डोंगरावरून धबधबे उतरतायत. शहरातली मिरवणूक तुम्ही बघाल. खेड्यातल्या मिरवणुकीत तुम्ही असाल.

ऑस्लोची_मावशी

निवांत, तुमच्या या मुद्द्यापुढे मी हट्ट सोडते. लहान मुलगा आहे हे लक्षात घेता खेडं बरं. ऑस्लोला १७च्या रात्री या. हॉटेलांचे दर १६च्या रात्री चढलेले असतात, १७ची रात्र त्यामानाने सोपी.

उंबरठा

फ्लोमबद्दल एक वेगळं मत. फ्लोम हे गाव म्हणून राहिलेलं नाही. धक्क्याला क्रूझ लागली की सकाळी दहा ते चार दुकानांतून नुसती माणसं. बोटीतून उतरायचं, रेल्वे पकडायची आणि पुढे जायचं, तिथे रात्र काढून काय मिळणार?

निवांत

उंबरठा, रात्र काढूनच मिळतं. चार-पाचनंतर क्रूझ निघून जाते आणि मग दहा वाजेपर्यंत उजेड तुमचा एकट्याचा. फ्लोमच्या दुकानांपाशी थांबूच नका. नदीकाठाने खोऱ्यात आत सपाट रस्ता जातो, जुनं चर्च लागतं, मेंढ्या आणि कोकरं. आईंना जमेल असं चालणं आहे. किंवा ऑउरलांडला मुक्काम करा, बसने दहा-पंधरा मिनिटं.

तिथून स्तेगास्तैनला जायची बस आहे. फ्योर्डपासून ६५० मीटर उंचीवर लाकूड-पोलादाचा मंच डोंगरातून ३० मीटर बाहेर काढलाय, टोकाला फक्त काच. पार्किंगपासून चार पावलांवर, चढ नाही. त्याच्या पुढचा डोंगरी रस्ता मेमध्ये बंदच असतो, पण मंचापर्यंतचा बारमाही उघडा.

भूपृष्ठ

सगळे कुठे राहायचं ते सांगताहेत, मी काय बघायचं ते सांगतो. बोटीत बसण्याआधी एवढं ठाऊक असलं तर पाणी आणि कडा वेगळेच दिसतात.

फ्योर्ड नदीने नाही, बर्फाने कोरलाय. हिमयुगांमध्ये इथे बर्फाचा जाड थर होता. तो जुन्या नदीखोऱ्यांतून समुद्राकडे सरकत राहिला आणि तळातल्या दगडांनी खडक घासत खोरं खोल करत गेला. नदीचं खोरं इंग्रजी व्ही अक्षरासारखं असतं, बर्फाचं यू अक्षरासारखं, बाजू सरळ तुटलेल्या. म्हणून कडे पाण्यातून थेट उभे. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि १३०० मीटर खोल आहे, पण समुद्राला मिळतो तिथे त्याचा तळ वर आलेला आहे, पाणी बरंच उथळ. कारण मुखापाशी बर्फ पसरून पातळ व्हायचं आणि त्याची कोरण्याची ताकद संपायची. मोठ्या हिमनदीला बाजूने मिळणाऱ्या लहान हिमनद्यांना तेवढं खोल कोरता आलं नाही, म्हणून त्यांची खोरी वरच लटकत राहिली. आज त्या लटकत्या खोऱ्यांतून जे खाली पडतं ते तुमचे धबधबे.

फ्लोमच्या बोटीने तुम्ही ज्यातून जाल तो नॅरॉयफ्योर्ड ही सोग्नेफ्योर्डच्या फाट्याची फाटी. सर्वांत अरुंद जागी २५० मीटर रुंद, बाजूचे कडे १४०० मीटरपर्यंत. गायरांगरफ्योर्डबरोबर २००५ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तुम्ही गायरांगर सोडलं याची रुखरुख नको, त्याच जोडीतला दुसरा बघताय.

बर्गनकर

भूपृष्ठ, फार सुरेख लिहिलंत. यात भर : नॅरॉयफ्योर्डमधून जाणाऱ्या गुद्वांगेन-फ्लोम बोटी आता विजेवर चालतात. पहिली पूर्ण विजेची २०१८ला आली. २०२६पासून या वारसा फ्योर्डांमध्ये १० हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना धूर सोडायला बंदी आहे, मोठ्या जहाजांना २०३२पर्यंत मुदत. बोट अरुंद भागात आली की इंजिनाचा आवाज जवळजवळ नसतो. धबधबा आधी ऐकू येतो, मग दिसतो. बोटीला बाहेरून वर जाणारा तिरपा उतार आहे, जिने नाहीत. मुलाची बाबागाडी आणि आईंचे गुडघे दोन्हींची सोय.

वाटेत उंद्रेदाल दिसेल. शेळीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी प्रसिद्ध, आणि चाळीसेक माणसं बसतील एवढंसं लाकडी चर्च.

खवय्या

खाण्यापिण्याचं कुणीच बोललं नाही!

बाहेर जेवण महाग आहे, क्रोन साधारण आठ-नऊ रुपये धरून हिशोब केलात तर घशाखाली उतरणार नाही, तेव्हा हिशोब करू नका. स्वयंपाकघर असलेली घरं घ्या. किवी, रेमा १००० ही स्वस्तातली दुकानं, रविवारी बंद. तुमच्या तारखांत १४ गुरुवार आणि १७ रविवार असे दोन बंद दिवस आहेत. भाजणी, मेतकूट, भाताचे तांदूळ, खाकरे सोबत घ्या. नळाचं पाणी उत्तम, बाटल्या विकत घेऊ नका. भारतातून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेदरलँड्समध्येही आणता येत नाहीत आणि नॉर्वेतही, म्हणून आईंना वाईहून पेढे आणू नका म्हणावं.

मुलाला स्कुलेब्रॉ द्या. मध्ये कस्टर्ड आणि वर खोबरं लावलेला गोड पाव, वेलदोड्याचा वास येतो. आईंनाही आवडेल. मासे खाणाऱ्यांनी बर्गनला माशांचं पांढरं सूप प्यावं. मासळीबाजार मात्र आता पर्यटकांसाठीच आहे, बघा आणि पुढे जा. ऑस्लोत ग्रोनलांड भागात भारतीय-पाकिस्तानी दुकानं आणि खाणावळी आहेत, शेवटच्या दिवसांत वरण-भाताची आठवण झाली तर.

मुग्धा_वाई

आईने हा धागा बसून वाचला. "सगळं चांगलंय, पण फुलं कुठेत?" असं विचारतेय.

आनंदी_मुळे

आईंना सांगा, फुलं हार्डांगरला! सफरचंद, चेरी, प्लमच्या बागा फ्योर्डच्या उतारावर. मेच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बहर असतो, थंडी लांबली तर काही दिवस पुढे सरकतो. तेराव्या शतकात मठातल्या साधूंनी इथे फळबागा लावायला सुरुवात केली असं सांगतात. लोफ्टहूस आणि उल्विक ही खास गावं. पांढऱ्या-गुलाबी बहराची रांग, त्याखाली पिवळी डँडेलियन, खाली निळसर पाणी आणि पलीकडच्या डोंगरावर बर्फ, असं एकाच नजरेत येतं. फांदीजवळ गेलात तर कळी गडद गुलाबी आणि उमललेलं फूल जवळजवळ पांढरं, दोन्ही एकाच घोसात. माझ्या मते नॉर्वेच्या वसंतात बघायची पहिली गोष्ट हीच, फ्योर्ड वर्षभर असतात. मी तुमच्या जागी असते तर ऑस्लो पूर्ण सोडून तिकडे दोन दिवस दिले असते.

ऑस्लोची_मावशी

आनंदी, ऑस्लो पूर्ण सोडायला नका सांगू हो. बाबांना 'फ्राम' बघायला आवडेल. ध्रुवप्रदेशाचा शोध घेणाऱ्या नान्सेनने बर्फात मुद्दाम अडकवून घेतलेलं आणि नंतर आमुंडसेनला दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर नेलेलं जहाज, संग्रहालयात अख्खं उभं आहे, आत शिरता येतं. सांगाडा असा गोलसर बांधलाय की बर्फाने दाबलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जायचं. फक्त व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय शोधत जाऊ नका, नव्या इमारतीसाठी ते बंद आहे.

व्हिगेलांड पार्क फुकट, चोवीस तास उघडा, २००हून अधिक शिल्पं, सगळी एकाच माणसाच्या हातची, आणि मे महिन्यात हिरवळ आणि फुलं आहेतच. मधल्या एकाच दगडी स्तंभात १२१ माणसं कोरलीत. तिथे मात्र पायऱ्या आहेत, आईंनी खालून बघितलं तरी चालेल. ऑपेरा हाउसच्या छतावर उतारावरून चालत जाता येतं.

रेल्वेवेडा

मधला मार्ग : बर्गन ते वॉस रेल्वेने सव्वा तास. वॉसला मुक्काम करा. सामान तिथे टाकून बसने उल्विकला जाऊन या. शुक्रवारी १५ला जा, सुट्टीच्या दिवशी बस कमी असतात. दुसऱ्या दिवशी वॉसहून बसने गुद्वांगेन, तिथून बोट.

प्रवासी_पोपट

वडीलधाऱ्यांचा नेदरलँड्सचा शेंगेन व्हिसा नॉर्वेत चालेल ना? नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही म्हणून विचारलं.

उत्तरायण

चालतो. नॉर्वे युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ९० दिवसांच्या मोजणीत हे दिवस धरले जातात, बस. पासपोर्ट आणि तुमची रेसिडेन्स कार्डं सोबत ठेवा. युरोपातलं मोबाइल रोमिंगही नॉर्वेत लागू आहे, वेगळं सिम नको. रोख पैसेही बदलू नका, स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड.

मुग्धा_वाई

असं ठरलंय, बघा बरं :

१३ आणि १४ बर्गन. गुरुवारी ब्रिग्गेनचे बोळ, संध्याकाळी फ्लॉयेन. १५ला रेल्वेने वॉस, दुपारी उल्विकच्या बागा, मुक्काम वॉस. १६ला गुद्वांगेन, बोटीने नॅरॉयफ्योर्डमधून फ्लोम, संध्याकाळी खोऱ्यातलं चर्च आणि कोकरं. १७ला सकाळी गावची मिरवणूक, दुपारी फ्लोमची रेल्वे, म्युर्दालला बदलून रात्री ऑस्लो. सोमवारी १८ला राष्ट्रीय संग्रहालयातलं चित्रकार मुंकचं चित्र आणि ऑपेरा हाउस. १९ला सकाळी फ्राम आणि व्हिगेलांड, संध्याकाळी विमान.

स्तेगास्तैन बसत नाहीये. सगळं कोंबायचं नाही असं आईने बजावलंय. पैठणी सामानात गेली आहे.

ऑस्लोची_मावशी

फार छान आखलंत. एकच बदल करा : राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं! फ्राम आणि व्हिगेलांड सोमवारी करा, संग्रहालय मंगळवारी. ऑपेरा हाउसपासून ऑस्लोचं मुख्य स्टेशन जवळ आहे, ते शेवटी ठेवा. स्टेशनवर सामान ठेवायला लॉकर आहेत. विमानतळाला जायला साध्या गाडीचं तिकीट काढा. एक्स्प्रेसपेक्षा दोन-चार मिनिटं जास्त लागतात आणि पैसे बरेच वाचतात.

रेल्वेवेडा

१७ला रविवार आणि सण एकत्र आहे, त्या दिवशीचं वेळापत्रक 'एन्तूर' ॲपवर तारीख टाकून बघा, रोजचं धरून चालू नका. फ्लोमची रेल्वे आणि म्युर्दाल-ऑस्लो ही दोन तिकिटं सगळ्यात आधी काढा, हॉटेलाच्याही आधी. बर्गन लाइनवर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, आणि लवकर काढलेली तिकिटं निम्म्याहून कमी दरात मिळू शकतात. म्युर्दालला फलाट बदलायला वेळ भरपूर ठेवा. तिथे बर्फ असेल, मुलाचे हातमोजे वरच्या पिशवीत.

मुग्धा_वाई

रेल्वेवेडा, आत्ताच बसून काढली. म्युर्दाल-ऑस्लो पाचही जागा उजवीकडच्या मिळाल्या, दोन खिडकीच्या. एक बाबांना, एक आईला.